घर विकायचंय? आधी लादी ठोकून बघा

पत्र: "आमचं मुलुंड पूर्वेला वन बीएचके आहे. १९८९ ची सोसायटी, तळमजला अधिक चार मजले, आमचा तिसरा, लिफ्ट नाही. कार्पेट ४३० चौरस फूट. हॉल, पॅसेज आणि बेडरूमला मूळची पांढरी-करडी मोझेक लादी. स्वयंपाकघरात १९९८ साली बसवलेली स्पार्टेक (सिरॅमिक टाइल), ती हॉलपेक्षा अर्धा इंच उंच आहे आणि तिचं पॉलिश खरवडून गेलंय. हॉलमध्ये दोन लाद्या तडकल्यात, दाराशी लादी मळकट-खरबरीत झालीय आणि बाथरूमच्या भिंतीलगतचा एक कोपरा बारा महिने काळपट दिसतो. ठाण्याला मुलाजवळ जायचं म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास घर विकायचंय. एजंट म्हणतो, इटालियन मार्बल टाका, पाच लाख वर मिळतील. दीर म्हणतात, दोन बाय चारच्या चकचकीत टाइल्स. मुलगी म्हणते, वुडन फ्लोअरिंग. हाताशी अडीच लाख आहेत. सोसायटीत रिडेव्हलपमेंटचीही चर्चा आहे. काय करू? आणि उंबऱ्याशी चिकटवलेली लक्ष्मीची पावलं निघतील का?"

ताई, नमस्कार.

अडीच लाखांपैकी लाखभर खर्च करा, बाकीचे बँकेत राहू द्या. ते लाखभरही आधी बाथरूमवर, मग स्वयंपाकघरावर आणि शेवटी हॉलवर. तुम्ही विचारलंत लादीबद्दल आणि आम्ही सुरुवात करतोय बाथरूमपासून, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात महागात पडणारी गोष्ट तडकलेल्या लाद्या नाहीत, तो काळपट कोपरा आहे.

पण त्याही आधी एक चौकशी करा. रिडेव्हलपमेंटची 'चर्चा' म्हणजे नेमकं काय? व्हॉट्सॲप ग्रुपवरची चर्चा असेल तर खुशाल पुढे वाचा. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालची प्रक्रिया, म्हणजे ४ जुलै २०१९ च्या शासन निर्देशांतली, खरोखर सुरू झाली असेल, सभेत ठराव झाला असेल, विकासक ठरत आला असेल, तर येणारं गिऱ्हाईक तुमचं घर घेत नाही, त्या बदल्यात मिळणारी नवी जागा घेतं. त्याला तुमची लादी कुठलीही असली तरी सारखीच. तसं असेल तर फक्त गळती बंद करा, घर स्वच्छ ठेवा आणि सेक्रेटरींकडून ठरावाची प्रत आणून फाइलला लावा.

आता एजंटच्या पाच लाखांकडे. मुंबईत जुन्या घराचा भाव बोलतात तो कार्पेटच्या चौरस फुटावर. स्टेशन किती लांब, मजला कितवा, लिफ्ट आहे का, इमारत किती जुनी, सोसायटीचे कागद सरळ आहेत का, यावर आकडा ठरतो. मुद्रांक शुल्क ज्या रेडी रेकनरवर, म्हणजे सरकारी दरतक्त्यावर, धरतात त्यात लादीचा रकानाच नाही. घेणाऱ्याच्या बँकेचा व्हॅल्युअर येतो तोही क्षेत्रफळ, इमारत आणि आजूबाजूचे सौदे बघतो. म्हणजे मार्बलपोटी वर मागितलेल्या पाच लाखांना बहुधा कर्जाचा आधार नसतो, ते गिऱ्हाइकाला स्वतःच्या खिशातून घालावे लागतात. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरचं वन बीएचके बघायला येणारी माणसं बहुतेक पहिलं घर घेणारी असतात. त्यांच्या खिशात वरचे पाच लाख नसतात, आणि असले तर ते आपल्या आवडीची लादी घालतील.

उलट बाजू मात्र खरी आहे. लादीवरून भाव वाढत नसला तरी पाडता चांगला येतो. ओलीचा कोपरा दिसला की गिऱ्हाईक बाथरूम दुरुस्तीचा खर्च धरत नाही, 'आत आणखी काय काय असेल' याची किंमत धरतो आणि दोन-तीन लाख खाली बोलतो. सोबत आणलेला अनुभवी मामा किंवा काका बाथरूमच्या चौकटीचा खालचा लाकडी भाग अंगठ्याने दाबून बघतोच. तुमचा पैसा ही शंका घालवण्यावर लागला पाहिजे.

कोपऱ्याचं निदान

जुन्या इमारतीत असं होतं: बाथरूमच्या लादीचे सांधे आणि नहाणी ट्रॅपची (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याची) कड यांतून पाणी खालच्या कोब्यात, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या भरावात, उतरतं. कोबा स्पंजासारखा भरतो. तिथून ओल भिंतीखालून सरकून हॉलच्या लादीखालच्या रेती-सिमेंटच्या थरात येते आणि मोझेकच्या छिद्रांतून वर वाळते. वाळताना क्षार मागे ठेवते, म्हणून कोपरा काळा आणि स्कर्टिंगवर (भिंतीच्या पायाशी लावलेल्या पट्टीवर) पांढरी पूड. दुसरी शक्यता म्हणजे भिंतीतला १९८९ चा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गंजून झिरपतोय. दोन्हींचा इलाज वेगळा आहे, म्हणून आधी तपासणी.

पहिल्या दिवशी कोपरा पुसून त्यावर दीड फुटी पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर ओल खालून येतेय, ती नुसती सांडलवंड नाही.

दुसऱ्या दिवशी नहाणी ट्रॅपमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला ओल्या फडक्याचा बोळा घट्ट बसवा, बाथरूममध्ये इंचभर पाणी भरा, भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलची रेघ मारा आणि २४ तास दार बंद ठेवा. दोन-तीन मिलिमीटर पाणी हवेने कमी होतं, ते सोडून द्या. पाव इंच किंवा जास्त उतरलं तर तळ गळतोय. याच वेळी खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. पाणी तसंच राहिलं आणि कोपरा तरीही ओला, तर संशय पाइपवर. प्लंबरला हातपंपाने प्रेशर टेस्ट करायला सांगा. पाइप फुटलेला निघाला तर भिंत उकरून तो शोधत बसू नका. जुनी लाइन बंद करून नवी सीपीव्हीसी (प्लास्टिकची) लाइन वेगळ्या मार्गाने घ्या, स्वस्त पडतं.

तळ गळत असेल तर आधी स्वस्त उपाय: सांधे आणि ट्रॅपची कड खरवडून, पूर्ण वाळवून इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा मसाला) भरा आणि पाण्याची चाचणी पुन्हा घ्या. पातळी टिकली तर पाच-सात हजारांत सुटलात. नाही टिकली तर तळ स्लॅबपर्यंत फोडावाच लागेल. चार बाय सहाचं बाथरूम, २४ चौरस फूट. क्रम असा: जुना ट्रॅप काढून नवा पीव्हीसी, त्याच्याभोवती न आकसणारं ग्राउट, भिंत आणि तळ मिळतात तिथे सिमेंटची गोलाई (वाटा), सिमेंट-पॉलिमरचे दोन हात, एक आडवा आणि दुसरा उभा, भिंतीवर किमान फूटभर वर, कोपऱ्यांत फायबर जाळी, मग ४८ तास पाणी भरून चाचणी. त्यात पास झालं तरच विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर पुन्हा चाचणी आणि शेवटी लादी. बहुतेक मिस्त्री पहिली चाचणी टाळून थेट कोबा घालतात. कोब्याखालची चूक नंतर सगळं पुन्हा फोडल्याशिवाय सापडत नाही, तेव्हा पहिल्या चाचणीचे फोटो काढल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका.

बाथरूमला एक फुटी मॅट टाइल घ्या. ट्रॅपकडे दर चार फुटांना अर्धा इंच उतार लागतो, आणि मोठ्या टाइलला तो तिरके तुकडे केल्याशिवाय देता येत नाही. मोठी टाइल बसवली की पाणी कोपऱ्यात साचतं आणि पुन्हा तीच गोष्ट सुरू. तयार तळ पॅसेजच्या लादीपेक्षा निदान पाऊण इंच खाली राहू दे.

गळती थांबली तरी हॉलचा कोपरा लगेच उजळणार नाही. दोन-अडीच इंचांचा भिजलेला थर वाळायला दीड-दोन महिने लागतात, पावसात जास्त. तोवर त्या भिंतीला रंग नको आणि कोपऱ्याला पॉलिश नको. म्हणूनच हे काम आधी.

हॉल आणि बेडरूम: फोडू नका, पॉलिश करा

तुमची पांढरी-करडी मोझेक ही कमीपणाची गोष्ट नाही. हल्ली टेराझो म्हणून अशाच दिसणाऱ्या टाइल्स दुकानात मांडलेल्या असतात. २० मिलिमीटरहून जाड लादीवर वरचा संगमरवरी चुरीचा थर पाच-सहा मिलिमीटर असतो आणि एका पॉलिशमध्ये त्यातला जेमतेम एक मिलिमीटर जातो. पस्तीस वर्षांत एखाद-दुसऱ्यांदाच पॉलिश झालं असेल तर तुमच्याकडे भरपूर शिल्लक आहे. दाराशी ती खरबरीत झाली ती पावलांनी कमी आणि दिवाळीच्या साफसफाईतल्या ॲसिडने जास्त. ॲसिड सिमेंटलाही खातं आणि संगमरवराच्या चुरीलाही, मग छिद्रं पडतात आणि छिद्रांत मळ बसतो.

आधी ठोकून बघा. लाकडी मुठीने प्रत्येक लादी मध्ये आणि चारही कोपऱ्यांत हलकेच ठोका, पोकळ वाजेल तिथे खडूने फुली मारा. दहा इंची लादी असेल तर दीडशे फुटांच्या हॉलमध्ये सव्वादोनशेच्या आसपास लाद्या येतील, तासाभराचं काम आहे. फुल्या वीस-पंचवीसच्या आत असतील तर तेवढ्याच काढून पुन्हा बसवा. पन्नासच्या वर गेल्या तर पॉलिशचं यंत्र फिरताना आणखी सुटतील, मग टाइलवर टाइलचा विचार करा, त्याबद्दल पुढे.

तडकलेल्या दोन लाद्यांना जोड बाजारात मिळणार नाही, रंग कधीच जुळत नाही. बेडरूममधल्या मोठ्या कपाटाखालच्या दोन चांगल्या लाद्या सांभाळून काढा, हॉलमध्ये बसवा आणि कपाटाखाली नव्या साध्या लावा. वय सारखं, मळ सारखा, पॉलिशनंतर ओळखू येत नाहीत.

पॉलिशवाल्याला कामाचा क्रम आधीच सांगून ठेवा. पहिला हात जाड बट्टीचा (घासायच्या दगडाचा), साधारण ६० किंवा ८० नंबर. मग पांढरं सिमेंट आणि लादीच्या मूळ रंगाला जुळणारी थोडी करडी पूड यांची पेस्ट घासून सगळी छिद्रं भरायची आणि दोन दिवस ओलसर ठेवायची. मग १२०, २२०, ३२०, पुढे आणखी बारीक आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडच्या पुडीने चमक. मिस्त्री हे सगळं एका दिवसात उरकायला बघतो. छिद्रांतलं सिमेंट धरण्याआधी यंत्र फिरलं की ते निघून येतं, आणि महिन्याभरात लादी पुन्हा काळे ठिपके दाखवते. दोन दिवसांच्या त्या विश्रांतीवर अडून बसा.

यंत्र भिंतीपासून तीन-चार इंचांवर थांबतं. कडा हाताच्या यंत्राने किंवा बट्टीने करायला हव्यात, नाहीतर खोलीला मळकट किनार राहते. दर ठरवताना 'कडा आणि स्कर्टिंग धरून' असं लिहून घ्या. यंत्राला १५ अँपियरचा पॉइंट लागतो. ओल्या फरशीवर वीज आहे, तेव्हा घरात आरसीसीबी (वीज झिरपली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून आधी बसवून घ्या. शिंतोडे भिंतीवर फूटभर उडतात, म्हणून रंगकाम पॉलिशनंतर. आणि निघणारा राखाडी गाळ नहाणीत जाऊ देऊ नका. तो पाइपात सिमेंटसारखा बसतो आणि तुंबलेल्या चेंबरचं बिल सोसायटी तुमच्याकडे पाठवते. ट्रॅप प्लास्टिकने बंद करा, गाळ बादल्यांत भरा, रात्रभर बसू द्या, वरचं पाणी ओता आणि खालचा लगदा गोणीत भरा.

शेवटी मेण लावतो म्हणेल. नको म्हणा. चार दिवस चकाकी येते, लादी निसरडी होते आणि पुढच्या मालकाला वर टाइल बसवायची झाली तर चिकटत नाही.

स्वयंपाकघर

अर्ध्या इंचाचा चढ सांगतो की १९९८ मध्ये मोझेक न काढता वरच स्पार्टेक लावली. तिच्यावर तिसरा थर मुळीच घालू नका. वजन एक कारण, आणि दुसरं म्हणजे ओटा एवढा बुटका होईल की गिऱ्हाइकाच्या बायकोला किंवा आईला उभं राहिल्याबरोबर कळेल. स्पार्टेक छिन्नीने काढा, खालचा मसाला ग्राइंडरने सपाट करा आणि त्याच उंचीला नवी दोन बाय दोनची मॅट व्हिट्रिफाइड (काचेसारखी घट्ट भाजलेली) टाइल बसवा. रंग करडा, हॉलच्या मोझेकमधल्या गडद चुरीपैकी एकाशी जुळणारा. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये ग्रॅनाइटची उतरत्या कडेची पट्टी टाका, ठेच लागणार नाही.

माल: ६० चौरस फूट, त्यावर दहा टक्के तूट, स्कर्टिंगला दोन टाइल, मिळून ७४ फूट. दोन बाय दोनच्या खोक्यात चार टाइल, १५.५ चौरस फूट येतात. पाच खोकी पुरतात, सहावं शिल्लक ठेवा. खोक्यावर शेड आणि बॅच छापलेले असतात, सगळी एकाच बॅचची घ्या. नंतर आणलेलं खोकं मोरबीच्या त्याच कारखान्यातून आलं तरी छटा वेगळी निघते. टाइल अॅडेसिव्हची २० किलोची दोन पोती.

टाइलवर टाइल घालायचीच झाली तर

हॉल पोकळ निघाला, किंवा दीर ऐकेनातच, तर हे लक्षात ठेवा. सगळ्या घराची लादी स्लॅबपर्यंत फोडणं तुमच्या इमारतीत आम्ही सुचवणार नाही. ३४५ चौरस फुटांची लादी आणि खालचा थर मिळून चार टनांहून जास्त डेब्रिज निघतं, २५ किलोच्या पावणेदोनशे गोण्या, तीन मजले डोक्यावरून खाली. खालच्या घरातलं प्लास्टर हादरतं ते वेगळं.

वरून टाइल घातली तर चौरस मीटरला साधारण २५ किलो वाढतात. राहत्या घराच्या स्लॅबला माणसं आणि सामान यांसाठी चौरस मीटरला २०० किलो धरलेले असतात, त्यामानाने हे थोडं आहे. तरी सोसायटीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये तुमच्या विंगच्या स्लॅबवर शेरा असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको.

उंची साडेबारा-तेरा मिलिमीटर वाढते. म्हणून दारं खालून पंधरा मिलिमीटर कापावी लागतील, मुख्य दाराची जाळीसुद्धा. जुनं स्कर्टिंग काढून नवं लावा. जुन्यावर नवं चिकटवलं तर वर धूळ साठणारी पायरी तयार होते.

यात फसतं ते चिकटण्यात. व्हिट्रिफाइड टाइल पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी पिते, त्यामुळे सिमेंटच्या पाण्याला तिच्यात शिरायला जागा नसते. सिमेंटवर बसवलेली टाइल दोन उन्हाळ्यांत पोकळ वाजायला लागते. पोत्यावर आयएस १५४७७ आणि 'टाइल ऑन टाइल' दोन्ही छापलेलं अॅडेसिव्ह घ्या. मोझेकवरचं जुनं मेण-तेल साबणाने धुऊन, वाळवून, ग्राइंडरने वरची चमक उडवा किंवा छिन्नीने टाचे मारा. पोत्यावर लिहिलंय तेवढंच पाणी, मिश्रण घट्ट व्हायला लागल्यावर पुन्हा पाणी घालायचं नाही. दातेरी थापीने लादीवर पसरा आणि टाइलच्या पाठीवरही पातळ हात द्या. मिस्त्री घाईत पाच ठिकाणी गोळे ठेवून टाइल दाबतात. मध्ये ती धरते, कोपऱ्यांखाली हवा राहते आणि कुकर पडला की कोपरा उडतो. दर दहावी टाइल लगेच उचलायला लावा, पाठ जवळजवळ पूर्ण भरलेली दिसली पाहिजे.

सांधा दोन मिलिमीटरचा, स्पेसर घालून. टाइलला टाइल भिडवून बसवली की 'एकसंध दिसते' असं सांगतात, पण तापमानाने ती फुगली तर जायला जागा नसते आणि एका दुपारी मधली ओळ धाडकन तंबूसारखी उठते. भिंतीलगत पाच-सहा मिलिमीटर मोकळे सोडा, ते स्कर्टिंगखाली झाकतात. ग्राउट चोवीस तासांनी.

३४५ फुटांना आठ टक्के तूट आणि ११० फूट लांबीचं चार इंची स्कर्टिंग धरून दोन बाय दोनची २७ खोकी, एक शिल्लक. अॅडेसिव्हचं एक पोतं ४५ ते ५० फुटांना जातं, म्हणजे आठ पोती, मोझेक खाली-वर असेल तर नऊ. माल टनाच्या घरात जातो आणि लिफ्ट नाही, तेव्हा हमाली खोक्यामागे किती ते दुकानातच ठरवा.

दिरांना सांगा, दोन बाय चारची टाइल लांबीत किंचित कमानदार असते. दहा फुटी खोलीत तिचे तुकडे जास्त पडतात, आणि चकचकीत असेल तर खिडकीच्या तिरप्या उजेडात सांध्यांची प्रत्येक खाली-वर दिसते. दोन बाय दोनची सॅटिन फिनिशमधली फिकट क्रीम घ्या. ती कोणाला फार आवडत नाही आणि कोणाला खटकतही नाही, विकायच्या घराला हेच हवं.

मुलीला सांगायचं ते थोडक्यात: लॅमिनेटची फळी आतून दाबलेल्या लाकडाच्या भुशाची असते, आपल्याकडे रोज ओल्या फडक्याने लादी पुसतात आणि चार महिने पाऊस असतो. कडा फुगतात. एसपीसीच्या (दगडाची पूड आणि प्लास्टिक यांच्या) फळ्या पाण्याला दाद देत नाहीत, दोन दिवसांत जुन्या लादीवर बसतात, आणि पुढे स्वतःच्या घरात बेडरूमला तिने खुशाल घालाव्यात. पण विकायच्या घरात त्या पावलाखाली पोकळ वाजतात आणि गिऱ्हाईक विचारतं, खाली काय झाकलंय? इटालियन मार्बलचं तर नावच नको. १८ मिलिमीटरचा नुसता दगडच चौरस मीटरला पन्नास किलोच्या जवळ, खाली जाड थर, वर पॉलिशचे सात-आठ हात, आणि लिंबाचा एक थेंब पडला की डाग.

परवानगी, वेळ, हिशेब

सोसायटीला लेखी अर्ज द्या, कोणत्या खोलीत काय फोडणार ते लिहा, डिपॉझिटची पावती घ्या. कामाच्या वेळा आणि रविवारचा नियम मिस्त्रीला आधीच सांगा. सुरू करण्यापूर्वी खालच्या मजल्यावरच्यांना सोबत घेऊन त्यांच्या छताचे तारीख दिसेल असे फोटो काढा. पंधरा दिवसांनी 'ही चीर तुमच्यामुळे' असं म्हणायची वेळ आली तर दोघांचंही भांडण वाचतं. डेब्रिज गोण्यांत भरून महापालिकेच्या डेब्रिज ऑन कॉल सेवेला द्या. रात्री खाडीकडे टाकून येतो म्हणणाऱ्या टेम्पोवाल्याला नाही म्हणा, पकडला गेला तर नाव तुमचं निघतं.

दसऱ्याला घर दाखवायचं तर बाथरूम आषाढात उरका. कोपरा पितृपक्षापर्यंत वाळू दे. स्वयंपाकघर आणि पॉलिश पितृपक्षात करा. त्या पंधरवड्यात नवीन काम काढायचं नाही म्हणणारे पुष्कळ, त्यामुळे चांगले मिस्त्री मोकळे सापडतात. घरात मानत असाल तर गणपतीआधी स्वयंपाकघरातली पहिली टाइल बसवून ठेवा. दिवाळीवर काही ढकलू नका, राजस्थान-उत्तर प्रदेशचे कारागीर गावी जातात आणि अर्धवट घर तुमच्याकडे राहतं.

ढोबळ खर्च, मजुरीसकट: बाथरूम पूर्ण फोडावं लागलं तर ५० ते ६० हजार, स्वयंपाकघर १५ ते २० हजार, हॉल-पॅसेज-बेडरूमचं २८५ फुटांचं पॉलिश दहा हजारांच्या आसपास, हमाली आणि डेब्रिज पाच हजार. तीन ठिकाणी दर विचारा आणि प्रत्येकाला 'जीएसटी धरून की सोडून' हेही विचारा. पैसे शक्यतो चेकने द्या, पक्की बिलं ठेवा. विक्रीवरच्या भांडवली नफ्यात भांडवली स्वरूपाच्या सुधारणेचा खर्च वजा मागता येतो, नेहमीच्या डागडुजीचा नाही. यातली कुठली बिलं कशात बसतात ते तुमचा सीएच सांगेल, पण हातात बिल नसेल तर त्यालाही काही करता येणार नाही.

वॉटरप्रूफिंगचे फोटो, पाण्याच्या चाचणीच्या तारखा आणि ठेकेदाराची लेखी हमी एका फाइलमध्ये ठेवा. गिऱ्हाईक कोपऱ्याकडे बघायच्या आत तीच पुढे करा. 'इथे ओल होती, अमुक महिन्यात असं काम केलं' हे तुमच्या तोंडून आलं तर घासाघीस तिथेच निम्मी होते. स्वयंपाकघरातलं शिल्लक खोकं माळ्यावर ठेवा आणि चावीबरोबर नव्या मालकाला द्या.

लक्ष्मीची पावलं निघतील. ती पॉलिशच्या आधीच काढा, कारण स्टिकरचा गोंद बट्टीत अडकून लादीवर काळे फराटे उठतात. केस वाळवायच्या ड्रायरने मिनिटभर गरम करा, प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने एका कडेने उचला, उरलेला चिकटपणा कोमट साबणाच्या पाण्याने घासा. खोबरेल तेल लावायचा सल्ला कोणीतरी देईलच. लावू नका, मोझेक तेल पिते आणि पॉलिशनंतरही तिथे पावलांच्याच आकाराचे डाग दिसत राहतात.